गोदाबाईच्या माहेरचं रक्त

सूर्यभानच्या तेरवीला शेवटची पंगत उठली आणि गोदाबाईंनी सगळ्या नातेवाइकांसमोर सुनेला विचारलं, "गीते, माह्या लेकराले तू किती तेल पाजलं वं?"

मंडपातल्या बायका बोलता बोलता थांबल्या. गीतांजली पत्रावळी गोळा करत होती. ती वाकलेली तशीच राहिली. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीचं नाव साऱ्या नात्यात होतं. तिच्या भाजीवर तर्री असायची, रोडग्यांसोबत तुपाची वाटी असायची, आणि याच बायकांनी बोटं चाटत तिच्याकडे दोन दोनदा वाढून घेतलं होतं. आता त्यांतली एकही वर पाहीना.

सूर्यभान त्रेचाळीस वर्षांचा होता. वीज कंपनीत लाइनमन. अंगानं काडीसारखा, भर उन्हात खांबावर सरसर चढणारा. एका सकाळी दाढी करता करता छातीवर हात ठेवून आरशासमोर खाली बसला, तो उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

धाकटा दीर देवानंद अमरावतीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर होता. तो आईसारखा चिडून बोलला नाही. हळूच म्हणाला, "वैनी, दादा बारीक होता हे खरं. पन नस तं तेलानंच बंद होते ना. तुमी जरा ध्यान द्या लागत होतं."

हे तिला जास्त लागलं. कारण तिलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं. गोदाबाई देवानंदकडे अमरावतीला राहायच्या, त्या पुन्हा अकोल्याला आल्या नाहीत. गीतांजलीला अनुकंपा तत्त्वावर नवऱ्याच्याच ऑफिसात नोकरी मिळाली. जठारपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि पंधरा वर्षांची प्रणाली अशा दोघीच उरल्या.

घरातली कढई तिनं कामवाल्या बाईला देऊन टाकली. फोडणीला चमचाभर तेल, तेही दोघींत मिळून. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, उकडलेली भाजी. तळणाचं नाव नाही. प्रणालीच्या मैत्रिणी गाडीवर पाणीपुरी खायला उभ्या राहायच्या तेव्हा ही पाण्याची बाटली धरून बाजूला उभी असायची. वाढदिवसाला केकऐवजी कलिंगड कापायची. रोज सकाळी मायलेकी पाच किलोमीटर चालायच्या. पुढे प्रणाली धावायला लागली, जिल्ह्यात तिसरी आली, आणि बारावीनंतर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकायला अमरावतीला गेली. काकाचं घर दोन किलोमीटरवर असून ती होस्टेलला राहिली.

गीतांजलीला वाटायचं, एक चूक झाली ती झाली. पोरीच्या बाबतीत तरी आपण काही कमी ठेवलं नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूंची तपासणी झाली. प्रणालीनं रिपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा गीतांजली ऑफिसात जेवायला बसली होती. फोटोखाली पोरीनं लिहिलं होतं, "मम्मी, हे चुकलं असेल ना?"

एकूण कोलेस्टेरॉल तीनशे बावन्न. वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते दोनशे सत्तर.

डबा तसाच बंद करून गीतांजलीनं फोन लावला. "काय खाऊन राहिली तू तिथं? खरं सांग. गिला वडा? मेसमध्ये डालडा घालतेत काय?"

"मम्मी, मी काईच नाई खाल्लं."

"मंग हे आलं कुठून?"

"मले काय मालूम!" प्रणाली रडायला लागली. "चार वर्षांत मी एक समोसा नाई खाल्ला. तूच मोजलं ना सगळं?"

शनिवारी पोरगी अकोल्याला आली आणि दोघी हृदयरोगाच्या डॉक्टर उंबरकरांकडे गेल्या. बाई चाळिशीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी प्रणालीचं रक्त पुन्हा तपासायला लावलं, सोबत गीतांजलीचंही. पोरीचा आकडा जवळपास तोच आला. मग त्यांनी प्रणालीला टेबलावर पालथं झोपवलं, तिच्या टाचेच्या वरची जाड शीर दोन बोटांत धरून दाबली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"दोन वर्षं झाली. बूट लागून लागून झाली."

"ही बुटामुळे नाही झाली." त्या गीतांजलीकडे वळल्या. "हिच्या वडिलांना अशी गाठ होती का?"

गीतांजलीच्या डोळ्यांसमोर सूर्यभानचे पाय आले. कंपनीनं दिलेले बूट मागून चावतात म्हणून तो त्यांची मागची बाजू दाबून, चप्पल केल्यासारखे घालायचा. त्याच्या दोन्ही टाचांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या. ती हिवाळ्यात त्यांना कोकम तेल चोळून द्यायची.

"होती," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर चौकोन आणि गोल काढून घराण्याची माणसं मांडायला सुरुवात केली. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं, विचारत गेल्या. सूर्यभानचे वडील अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हातारपणानं गेले होते. आई जिवंत. आईच्या माहेरचं गीतांजलीला फारसं ठाऊक नव्हतं.

"हे खाण्यानं झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आपलं लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेतं. हिच्या लिव्हरचे ओढणारे हात जन्मापासूनच निम्मे आहेत. हे आईकडून किंवा वडिलांकडून येतं. तुमचा आकडा आपण पाहिला, तो बरोबर आहे. म्हणजे वडिलांकडून आलं. त्यांनी रोज उकडलेलं खाल्लं असतं, तरी आकडा थोडाच उतरला असता."

चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणी तरी उचलला होता, आणि उचलून पोरीच्या छातीवर ठेवला होता.

"मंग मी चार वर्षं काहून उपाशी राहिली?" प्रणालीनं विचारलं. आवाज चढला होता. "पळाली कशाले मी?"

"ते वाया गेलं नाही. खाणं सांभाळलं नसतं तर आकडा आणखी वर असता. हृदय मजबूत ठेवायला पळणं लागतंच, ते चालू ठेव. पण तुझ्या बाबतीत तेवढ्यानं भागणार नाही. गोळी रोज घ्यावी लागेल."

"किती दिवस?"

"नेहमीसाठी. पुढे लग्न झालं, मूल हवं असं ठरलं, की आधी माझ्याकडे यायचं. तेवढे दिवस बंद ठेवू."

प्रणाली भिंतीकडे तोंड करून बसली.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "वडिलांचं रक्त कधी तपासलं होतं का?"

"नाही," गीतांजली म्हणाली. लगेच म्हणाली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं नाही म्हणून तिला बरं वाटलं.

दारातून निघताना डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. सूर्यभानच्या भावाला तपासायला हवं. त्याच्या मुलांनाही. हा प्रकार एका घरात एकाच माणसाला होऊन थांबत नाही.

घरी आल्यावर प्रणाली पांघरूण घेऊन पडली. गीतांजलीनं कपाटातली विम्याच्या कागदांची फाइल काढली. सगळ्यात खाली एक घडी घातलेला कागद होता. सूर्यभान जायच्या तीन वर्षं आधी ऑफिसात आरोग्य शिबिर झालं होतं, त्याचा. कोलेस्टेरॉल तीनशे अडतीस. खाली शिबिरातल्या डॉक्टरांनी पेनानं लिहिलं होतं, तज्ज्ञांना त्वरित भेटा.

तो दिवस तिला चांगला आठवत होता. सूर्यभाननं कागद दाखवला होता आणि म्हटलं होतं, "दाखवून येऊ काय?" तिनं त्याच्या बरगड्यांकडे पाहिलं होतं आणि हसून म्हटलं होतं, "तुमच्यात चरबी हाय कुठं? दुसऱ्याच कोनाचं रक्त तुमच्या नावावर चढवलं असन त्याईनं." तोही हसला होता. दुसऱ्या दिवशी त्याला वादळात पडलेल्या तारा जोडायला जायचं होतं. कागद फाइलमध्ये गेला. नंतर दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

गोदाबाई ज्या गोष्टीसाठी तिला बोलल्या ती तिची चूक नव्हती. जी होती, ती फक्त तिला ठाऊक होती. तिनं कागद पुन्हा फाइलमध्ये ठेवला.

अमरावतीला जायचं ती टाळत राहिली. ऑफिसात काम आहे, पोरीची परीक्षा आहे. प्रणालीनं गोळ्यांचं पाकीट आणलं होतं, पण उघडलं नव्हतं. धावायलाही ती जात नव्हती. फोनवर हो-नाही एवढंच बोलायची. एक दिवस मात्र तिनं स्वतःहून विचारलं, "मम्मी, पिंकी किती वर्षांची हाय?"

पिंकी देवानंदची मुलगी. "अकराची असन."

"मंग तू कशाची वाट पाहून राहिली?"

त्या रविवारी गीतांजली मूर्तिजापूर, बडनेरा करत अडीच तासांची बस घेऊन अमरावतीला उतरली. प्रणाली स्टँडवर आली होती. गाडगेनगरात देवानंदच्या दारात दोघी उभ्या राहिल्या तेव्हा जाऊ दीपमालानं दार उघडलं आणि पदर सावरला. मग म्हणाली, "ताई, या ना. आत या."

गोदाबाई दिवाणावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या, पण हात भराभर चालत होते. नात दिसताच त्यांचा चेहरा फुलला, मागे सून दिसताच मिटला. देवानंद आतून बनियनवर आला. चव्वेचाळीस वर्षांचा, पिळदार दंडांचा, एकही केस पिकला नव्हता.

गीतांजलीनं बसमध्ये घोकलेलं सगळं सांगितलं. पोरीचा आकडा, टाचेची गाठ, डॉक्टर काय म्हणाल्या ते. शेवटी म्हणाली, "भाऊजी, तुमी आन पिंकीनं रक्त तपासून घ्या. एवढंच सांगायले आली मी."

"वैनी, मी रोज चार किलोमीटर पळतो. शंभर दंड मारतो. मले काय होते?"

"हे बी पळतच होते खांबावर."

"दादाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

गोदाबाईंनी सोललेली शेंग खाली ठेवली. "कोनाकडून आलं म्हनते डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

चार वर्षं गीतांजली या क्षणाची वाट पाहत होती. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, कितीदा तरी तिनं मनातल्या मनात सासूला उत्तर दिलं होतं. आता उत्तर हातात होतं आणि ते सासूच्या तोंडावर फेकवेना.

प्रणालीनं विचारलं, "आजी, तुझे भाऊ कशानं गेले?"

"कोन, जानराव?" म्हातारी म्हणाली. "तो तं वखरामागंच गेला. बैल उभे, आन हा मातीत पडलेला. एकोनचाळीस वर्षांचा होता. लोक म्हने कोनी करनी केली. मोठा होता तो बाजारात गेला. अचलपूरच्या बाजारात, पोत्यावर बसल्या बसल्या. त्याले पंचेचाळीस..."

आकडा बोलता बोलता त्या थांबल्या. मांडीवरच्या शेंगांकडे पाहत राहिल्या. मग हळूहळू उठल्या, ताट तिथंच ठेवलं आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला.

देवानंद उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "झालं समाधान? माह्या मायले तिच्याच लेकराची मारेकरी ठरवायले आली काय तू इथं?"

त्यानं आजवर वहिनीला कधी अगंतुगं केलं नव्हतं. दीपमाला मधे पडली, "अहो, त्या असं कुठं म्हनल्या?" पण तो ऐकत नव्हता. गीतांजलीनं प्रणालीचा हात धरला आणि दोघी पाणीसुद्धा न पिता निघाल्या. रस्त्यावर आल्यावर प्रणाली म्हणाली, "मी विचाराले नाई पायजे होतं." गीतांजली म्हणाली, "कोनी तरी विचाराच लागत होतं." जिंकल्यासारखं तिला कणभरही वाटत नव्हतं. तिला फक्त त्या म्हातारीचं शेंगांकडे पाहणं दिसत होतं.

तीन आठवडे गेले. दीपमालाचा एकदा फोन आला. आई धड जेवत नाहीत, म्हणाली. पिंकी जवळ गेली की तिला दूर करतात. देवानंद तपासणीचं नाव काढू देत नाहीत. शाळेतून आले की नुसते बसून राहतात.

मग एका बुधवारी सकाळी गीतांजली ऑफिसला निघाली होती, तर दारात गोदाबाई. हातात कापडी पिशवी, श्वास फुललेला. एकट्या बसनं आल्या होत्या, घरी कौंडण्यपूरला देवाला जाते सांगून.

"आई, तुमी?"

"माह्यं रक्त तपासून घे," म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली. "म्या सकाळपासून पानी बी नाई पेली. शेजारनीचं रक्त काढताना उपाशी ठेवलं होतं मांगं, तेवढं मालूम हाय मले."

"आधी बसा तं."

"बसाले नाई आली मी."

जठारपेठेतल्याच लॅबमध्ये गीतांजली त्यांना घेऊन गेली. सुई टोचली तेव्हा म्हातारीनं हात हलवला नाही, नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून पाहत राहिली. संध्याकाळी रिपोर्ट आला. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे पंचेचाळीस. गीतांजलीनं आकडा वाचून दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता.

गोदाबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मंग मी कशी जगली? भाऊ गेले, लेकरू गेलं. मलेच काहून ठेवलं?"

"बायांले उशिरा होते म्हनते डॉक्टर."

"गीता." तेरवीनंतर पहिल्यांदा त्यांनी तिला नुसतं नावानं हाक मारली होती. "सूर्याले आधी समजलं असतं तं वाचला असता काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. तेव्हा अशी औषधं नव्हती, एवढं म्हटलं असतं तर म्हातारीनं मान हलवली असती आणि दोघींचं भागलं असतं. गीतांजली उठली, कपाट उघडलं, फाइलमधून कागद काढून सासूच्या समोर फरशीवर ठेवला. गोदाबाईंना वाचता येत नव्हतं. तिनं वाचून दाखवला. मग तो दिवस सांगितला. तो 'दाखवून येऊ काय' म्हणाला होता, आणि आपण काय म्हटलं, आणि दोघं कसे हसले. एक शब्दही तिनं गाळला नाही.

म्हातारीचा हात उठला. गीतांजलीला वाटलं, मारतील. मारलं असतं तर चाललं असतं. पण तो हात कागदावर पडला आणि तिथंच राहिला.

"हे तू मले सांगाले नाई पायजे होतं," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. "आता मी कोनाले बोलू?"

दोघी वेगवेगळ्या भिंतींना टेकून रडल्या. कोणी कोणाच्या जवळ गेलं नाही.

दिवे लागले तेव्हा गोदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "देवानंदले फोन लाव."

देवानंदनं पहिल्याच रिंगला उचलला. "माय कुठं हाय? कौंडण्यपूरले फोन करून राहिलो मी कवापासून!"

"मी गीताजवळ हाओ," म्हातारी फोनवर ओरडूनच बोलली. "आयक. माह्यं रक्त खराब निंघालं. आन सूर्याले तीन वर्षं आधी कागद भेटला होता. डॉक्टरनं लिहून देल्लं होतं. मले काय होते म्हनून त्यानं ठेवून देल्ला. तू बी तेच म्हनून राहिला, देवा."

गीतांजलीला वाटलं, फोन कटला. मग देवानंद बोलला, आणि त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"माय, मले भेव लागते. गेल्या वर्षी दादाचं वय पार केलं म्या. तवापासून रोज सकाळी जाग आली का पयले छातीवर हात ठेवून पाह्यतो. तपासलं आन निंघालं, तं मंग काय करू?"

"काई होते काय तुले? दुखते काय?"

"राउंड मारताना जबडा दुखते. थांबलो का राह्यते. दोन महिने झाले."

गीतांजलीनं फोन सासूच्या हातून ओढून घेतला. "भाऊजी, दीपमालाले द्या फोन. आता. आन तुमी एक पाऊल बी पळू नोका."

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका दवाखान्यात देवानंदच्या हृदयाच्या नळ्यांची तपासणी झाली. दोन नळ्या जवळजवळ बंद होत्या, त्यांतली एक नव्वद टक्के. इतका पिळदार माणूस आणि आतून असा, हे पाहून तिथले डॉक्टरही चकित झाले. त्याच दिवशी त्याला दोन स्टेंट बसवले.

प्रणाली कॉलेजातून थेट दवाखान्यात आली. काकाला काचेतून पाहिलं. याच काकानं लहानपणी तिला शाळेच्या मैदानावर पळायला शिकवलं होतं. ती बाहेर बाकावर येऊन बसली, बॅगेतून महिनाभर बंद असलेलं पाकीट काढलं आणि पाण्याबरोबर एक गोळी गिळली. आईला काही सांगितलं नाही. गीतांजलीनं पाहिलं आणि तिच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी देवानंदला साध्या खोलीत आणलं. गीतांजली फळं घेऊन गेली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"वैनी, तेरवीले मी जे बोललो..."

"झोपा तुमी."

"नाई, आयका तं..."

"भाऊजी, झोपा." ती खिडकीकडे वळली. चार वर्षं तिला ही माफी हवी होती. आता ती समोर आली, तर ती घ्यायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच तिला कळेना. त्या कागदाचं त्याला कळलं होतं, पण त्या दिवशी ती काय म्हणून हसली होती, ते गोदाबाईंनी त्याला सांगितलं नव्हतं. पुढेही कधी सांगितलं नाही.

महिन्याभरानं दीपमाला पिंकीला घेऊन अकोल्याला आली. सोबत गोदाबाईही होत्या, त्यांचीही गोळी सुरू झाली होती. डॉक्टर उंबरकरांच्या खोलीत मात्र त्या आल्या नाहीत. "तुमी जा. मी इथंच बसते," म्हणून बाहेरच्या बाकावर बसल्या.

पिंकीचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशे बारा निघालं. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. वेळेत कळलं हे चांगलं झालं. काही महिने खाण्याकडे लक्ष द्यायचं, खेळू द्यायचं, मग लहान डोसची गोळी सुरू करायची. नीट घेतली तर ती चार बायकांसारखीच म्हातारी होईल. दीपमाला मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. गीतांजलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पिंकी तोवर बाहेर पळाली होती. गीतांजली मागोमाग आली तेव्हा ती आजीसमोर उभी होती.

"आजी, माह्यं बी तुह्यासारखंच निंघालं."

गोदाबाईंनी तिचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. "माह्यासारखं नोको म्हनू, बाई."

"काहून? तू तं एवढी म्हातारी झाली ना?"

म्हातारीनं पोरीला बाकावर जवळ बसवून घेतलं, इतकं जवळ की पिंकी कुरकुरली. मग गोदाबाईंनी गीतांजलीकडे पाहिलं.

"जानरावची नातवंडं अचलपूरले हायेत," त्या म्हणाल्या. "तिघं. मोठा तिशीचा असन. त्याईले कोनीच काई सांगतलं नाई."

"नाई."

"मी गेली तं म्हनतीन, बुढी पागल झाली. आज्याच्या मरनाचं आता काहून काढते म्हनतीन. हाकलतीन मले."

"हाकलू शकतेत," गीतांजली म्हणाली.

आत दीपमालाचं रडणं थांबलं होतं, डॉक्टर तिला गोळीची वेळ सांगत होत्या.

"तू येशीन काय माह्यासंग?"

गीतांजलीनं रविवारच्या अचलपूरच्या गाडीची वेळ मोबाइलवर शोधायला सुरुवात केली.